ऋतुजाचा नारळ: नाशिक ते अंबरनाथ

त्या शनिवारी सकाळी मी गाडीच्या डिकीत नारळ ठेवला, काढला आणि पुन्हा ठेवला. बायको दारातून बघत होती.

"अहो, नारळ कंपनी आणते म्हणाली ना ती?"

"असू दे. वाटेत देवाला होईल."

आमची लेक ऋतुजा मेकॅनिकल डिझाइन इंजिनिअर. पहिलीच नोकरी, अंबरनाथच्या एमआयडीसीतल्या एका लहान कारखान्यात. तिथली रीत अशी, की नवं मशीन पहिल्यांदा चालवताना नारळ मालक फोडत नाही. ज्याने ड्रॉइंग काढलं त्याने फोडायचा. त्या दिवशी घरचं माणूस आलेलंही चालतं. तिने हौसेने बोलावलं होतं. माझ्या मनात मात्र वेगळंच होतं. नाशिकच्या एका मित्राला मी त्याच्या कंपनीत तिच्यासाठी नोकरीची जागा धरून ठेवायला सांगितलं होतं, तिला न विचारता. सोमवारपर्यंत त्याला उत्तर हवं होतं.

याला कारण मी स्वतः. खेड्यातल्या शाळेतून शिकून मीही याच कामासाठी अंबरनाथला आलो होतो. ड्रॉइंगवरचं इंग्रजी वाचताना जीभ अडखळायची. एकदा मी ड्रॉइंग काढलेला एक भाग मशीनवर बसेना, तेव्हा सगळी शेड हसली होती. ते हसू मला अजून ऐकू येतं.

उजाडायच्या आत निघालात तर कसारा घाट मोकळा मिळतो. पडघ्याला हायवे सोडून कल्याणकडे वळायचं. उल्हासनगरात घाई करून उपयोग नाही, टेम्पो आणि रिक्षा तुम्हाला आपल्या चालीने चालवतात. तिथे थांबून दाल पकवान खा: कडक तळलेली पुरी, चण्याची डाळ, वर चिंचेची चटणी आणि कांदा. शंभराच्या नोटेत पोट भरतं. मी नुसता पुरीचे तुकडे करत बसलो होतो.

"साईं, खाते क्यों नहीं?" हातगाडीवरचा सिंधी म्हणाला. "टेन्शन घर पे रख के आने का."

अंबरनाथचं शिवमंदिर चुकवू नका. सकाळी गर्दी नसते. पायऱ्या उतरून गाभाऱ्यात जायचं. खाली गारवा आणि ओल्या दगडाचा वास. नोकरीच्या पहिल्या दिवसांत मी इथे येऊन बसत असे. नारळ वाहिला. तिला कोणी हसू नये, एवढंच मागितलं. हात रिकामे झाले, मन झालं नाही.

कारखाना म्हणजे पत्र्याची एक शेड. मधोमध मसाला मिसळायचं मशीन, त्याला झेंडूचा हार. ऋतुजा हेल्मेट घालून उभी होती; माझ्याकडे पाहून हसली, पण ओठ कोरडे होते. मशीन फिरवणाऱ्या साखळीवरचं झाकण तेवढं बसवायचं राहिलं होतं. मी वाकून पाहिलं. झाकणाचे बोल्ट फ्रेमच्या कोपऱ्याला इतके खेटून, की पाना फिरायला जागाच नाही. कॉम्प्युटरवर सगळं छान बसतं, कारण तिथे माणसाचा हात काढलेला नसतो.

भोईरमामा, तिथले जुने फिटर, पाना घेऊन खाली वाकले, उठले, पुन्हा वाकले.

"काय गो मॅडम, बोल्ट पान्यानं आवळू का मंत्र म्हणू?"

सगळे हसले. तेच हसू. मी पुढे झालो, तोंड उघडलं. ऋतुजाने माझ्याकडे पाहून मान हलवली, नाही म्हणून. मग स्वतः मशीनखाली शिरली. बराच वेळ फक्त तिचे बूट दिसत होते. मी मनातल्या मनात जप करत उभा.

बाहेर आली ती नाकाला ग्रीस लावून.

"मामा, माझी चूक आहे. नट आतून वेल्ड करू, बोल्ट बाहेरून घालू. बाहेर पाना मोकळा फिरेल."

"आणि मंत्र?"

"तो तुम्ही म्हणा, मी वेल्डरला बोलावते."

आता शेड पुन्हा हसली, पण या वेळी तीही त्यात होती. मी सुचवणार होतो ते फ्रेमला भोक पाडायचं. त्याने फ्रेम कमजोर झाली असती. तिचा उपाय बरा होता.

दुपारी मशीन फिरलं. तिने नारळ फोडला. पहिल्या फटक्यात फुटला नाही. "मॅडम, ड्रॉइंग काढा आधी!" भोईरमामा ओरडले.

संध्याकाळी बदलापूरला तिच्या खोलीवर गेलो. सोनिवलीकडे नव्या इमारती झाल्यात, तिथे ती दोन मैत्रिणींबरोबर राहते. बदलापूरचा रस्ता संध्याकाळी तुंबतो, वेळ हाताशी ठेवा. तिने पिठलं-भात केला. जेवताना मी विचारलं, "घाबरली होतीस?"

"हो. मामा बोलले तेव्हा थोडी. तुम्ही तोंड उघडलंत तेव्हा जास्त."

मी भात कालवत राहिलो. नाशिकच्या नोकरीचा विषय जिभेवर आला होता, तो घासाबरोबर गिळला.

रविवारी घरी परतलो. तिने दिलेली नारळाची वाटी देवापुढे ठेवली. कडेला तिच्या बोटाचा ग्रीसचा काळा ठसा होता. बायको पुसायला गेली, मी राहू दे म्हटलं. काळजी गेली का? नाही. उद्या दुसरं मशीन असेल, दुसरा बोल्ट. पण आता ती काळजी माझी आहे, माझ्याजवळच राहील.

सोमवारची वाट न बघता मित्राला फोन लावला.

"ती जागा दुसऱ्या कोणाला दे."

"का रे, मुलगी नाही म्हणाली?"

"तिला विचारलंच नव्हतं," मी म्हणालो, आणि फोन ठेवला.