सिक रिपोर्ट सकाळी सातला

पंच्याऐंशीचा ऑगस्ट. शुगर लँड, टेक्सास. मुलाच्या घराचं गराज. शनिवार, दुपारचे चार. हिनं पदरात बारा चेंडू घेतले आणि टेबलाच्या पलीकडं उभी राहिली. ती एकेक चेंडू हातानं टाकायची, मी बॅटनं परतवायचो. दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम ते.

मी पलटणीत हवालदार. शाळा चौथीपर्यंत. टेबल टेनिस रिक्रिएशन रूममध्ये शिकलो, आणि शिकलो ते एकच, स्मॅश. पेन्शनीनंतर मुलानं इकडं आणलं. इथं मराठी मंडळाच्या हॉलमध्येही भल्याभल्यांना झोडपलं. मग मार्चमध्ये शिडीवरून पडलो, उजवा खांदा मोडला. हात आता खांद्याच्या वर जात नाही. म्हणजे स्मॅश गेला.

मंडळातले देसाई डॉक्टर सगळ्यांपुढं म्हणाले, "काका, आता कॅरम खेळा." लोक हसले. ते हसणं डोक्यात बसलं. रविवारी त्यांच्याशीच मॅच लावली.

ही कधी बॅटला शिवली नव्हती. पण मला कळलं नाही ते हिला बघून बघून कळलं.

"मारू नका. टेबलाजवळ उभं राहा, बॅट नुसती धरा. चेंडूला त्याचा जोर असतोच की."

"हा बचाव झाला. नुसता बचाव करणारी पलटण हरते."

"हरू दे पलटण. खांदा तरी राहील."

तसंच शिकलो. एक पाऊल पुढं, कोपर अंगाशी, बॅट जराशी झुकलेली. मारायचं नाही, अडवायचं. समोरच्याला चुकू द्यायचं. रोज शंभर चेंडू. मोजायचं मी, गोळा करायचे तिनं.

त्या दिवशी साठ झाल्यावर तिनं हात खाली घेतला.

"हात भरून आलाय. घाम पण लई येतोय."

टेक्सासच्या ऑगस्टात घाम कुणाला येत नाही? पलटणीत आजारी जवान सकाळी सातला सिक रिपोर्टला उभा राहतो. तिथं नाव पुकारतात. चाळीस वर्षं हिच्या कुरकुरीवर माझं एकच उत्तर.

"सिक रिपोर्ट सकाळी सातला. चाळीस राहिलेत."

"बरं, हवालदारसाहेब." हसली आणि टाकत राहिली.

एक्क्याऐंशीवा चेंडू आला नाही. ती टेबलाला धरून खाली बसली. पदरातले चेंडू गाडीखाली गेले.

रंगरूटाचा चेहरा उतरला तर मला वीस पावलांवरून कळायचं. लगेच परेडमधून बाहेर काढायचो. इथं अंतर नऊ फूट. मी चेंडूकडं बघत होतो. गाढवासारखा चेंडू मोजत होतो.

मुलानं फोन केला. अॅम्ब्युलन्स चार बत्तीसला आली. सहाला हॉस्पिटलात सगळं संपलं.

मुलगा म्हणाला, "बाबा, तुमची चूक नाही. हार्ट अटॅक कुणालाही येतो."

"ऑर्डर कुणाची होती?"



संध्याकाळी देसाईंचा फोन आला. "काका, उद्याची मॅच कॅन्सल केलीय." मी रिसीव्हर आपटला. तो फुटला. फुटू दे.

सकाळी सहाला गाडीखाली आडवा झालो. डाव्या हातानं चेंडू ओढून काढले. बारा भरले. सातला टेबलाच्या माझ्या बाजूला सावधान उभा राहिलो. चाळीस वर्षांत हिला नावानं हाक मारली नव्हती. तेव्हा पुकारलं. सरस्वती दत्तू पवार.

दोनदा पुकारलं. पलटणीत तिसऱ्यांदा पुकारत नाहीत.