तिसऱ्या ओळीतली सही

कोर्टाच्या जिन्याखाली टेबल टाकून बसणाऱ्या टायपिस्टला सगळे खटखटकाका म्हणत. तीस वर्षांत त्यांनी लग्नाचे किती अर्ज बडवले, त्याला गणती नाही. घरच्यांना चुकवून आलेल्या जोडप्यांना तीन साक्षीदारांत हमखास एक कमी पडे. मग काका तिसऱ्या ओळीत आपलंच नाव टाकून मोकळे होत.

आजचा अर्ज मात्र त्यांचा स्वतःचा होता. नवरी म्हणजे दवाखान्यातून निवृत्त झालेल्या सिस्टर. पहिल्या ओळीत सिस्टरांचा भाऊ, दुसऱ्या ओळीत आवारातला चहावाला. तिसरी सही लेकीची असावी, असं काकांना फार वाटत होतं. पण विचारायला जीभ रेटली नाही. तिची आई जाऊन सहा वर्षं झाली होती, तरी लग्नाचं ऐकल्यापासून ती घुश्शातच होती. "येईन, पण तेवढंच," एवढं फोनवर बोलून तिने विषय संपवला होता. आणि आली तीही निबंधक कार्यालयात मागच्या बाकावर पर्स कवटाळून, परीक्षेला बसल्यासारखी.

निबंधक बाईंनी अर्ज वाचता वाचता चष्मा वर केला. "काका, तिसरे साक्षीदार तुम्हीच? स्वतःच्या लग्नाला?"

कारकून खो खो हसत सुटला. काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिसरी ओळ आली की बोटं आपोआप चालत, त्यांना कोण काय सांगणार! सिस्टरांनी पदर तोंडाशी धरला. हसू लपवत होत्या की काळजी, कळेना.

"दुसरं कुणीतरी बघा, नाहीतर पुढची तारीख घ्या," बाई म्हणाल्या.

"आत्ता एकाला धरून आणतो!" चहावाला दाराकडे धावला.

"थांबा हो," मागून आवाज आला. लेक उठून टेबलापाशी आली. "बाबा, सरका. लोकांच्या पोरांसाठी सह्या करत फिरलात आणि मला विचारायला काय झालं होतं?"

"तू नाही म्हणाली असतीस तर?"

"म्हणालेही असते. पण विचारायचं तरी!"

तिने बापाचं नाव खोडलं, खाली आपलं लिहिलं, सही ठोकली. शेजारी छापलं होतं : वराचे / वधूचे नातेवाईक. नको ते खोडा.

तिने पेन खाली ठेवलं.

"अगं, एक खोडायचं असतं," काका सवयीने म्हणाले.

"माहितीये. राहू दे दोन्ही."

काकांचा जीव भांड्यात पडला. सिस्टरांनी पदराने सरळ डोळेच पुसले.