टांगेवाल्याचा आठवा चाकू

त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. नसरापूरचा तो टांगेवाला विलायतेतल्या शेफील्डच्या एकाच जुन्या कारखान्याचे, शिंगाच्या मुठीचे खिशातले चाकू जमवायचा. खंडेनवमीला टांग्याच्या गादीवर मांडून पुजायचा. चाकू सात, पण झेंडू आठ ठेवायचा. लोक हसायचे, मीही हसायचो.

एका खंडेनवमीला आठवा आला. पात्यामागं लोखंडी आकडा होता. किकवीच्या बाजारात विकणाऱ्याला तो आकडा कशाचा, हेच ठाऊक नव्हतं. टांग्याची घोडी सकाळपासून लंगडत होती. टांगेवाल्यानं तिचा खूर उचलला, आकडा घालून रुतलेला खडा उडवला आणि आमच्याकडं मान ताठ करून बघितलं.

"लई वर्सं साहेबाची घोडी सांभाळली यानं," चाकू दाखवत तो म्हणाला. "आता माजी सांभाळंल!"