बेटावर गेलेली काहील

लाँचच्या ठेकेदाराने माझ्या बहिणीच्या वाडीला फसवलं. पिण्याच्या पाण्याची पिंपं आणि ज्वारीची पोती त्याने माझ्याकडून भरून घेतली आणि वाडीवर न पोचवता परस्पर विकून टाकली. पुढे घडलं ते देवाचं. हे मात्र माणसाचं काम होतं, म्हणून आधी सांगितलं.

धरणाचं पाणी पहिल्यांदा चढलं त्या वर्षीची गोष्ट. करमाळ्याकडच्या त्या वाडीची रानं बुडाली, विहीर बुडाली, टेकाडावरची घरं तेवढी बेटासारखी उरली. दुसरीकडे जागा मिळेपर्यंत गरीब माणसं तिथेच अडकली. चारी बाजूंना पाणी, पण त्यात पिकं आणि झाडं कुजत होती. ते पिऊन घरोघर जुलाब-उलट्या सुरू झाल्या. माझी थोरली बहीण, अक्का, तिथेच दिलेली. हमाली करून मी सोलापुरात धान्याचं दुकान उभं केलं ते तिने थापलेल्या भाकरीवर. ती अंथरुणाला खिळल्याचा निरोप आला तेव्हा कळलं, पाठवलेलं काहीच पोचलेलं नाही.

दुकानातली पोती ट्रकमध्ये टाकून मी काठावर गेलो. लाँच नव्हती, होडी नव्हती. पलीकडे घरं दिसत होती. माझा राग ठेकेदारावरून थेट सोलापूरच्या आमच्या देवावर, सिद्धेश्वरावर गेला. गळ्यातलं इष्टलिंग मुठीत धरून मी ओरडलो, "दर सोमवारी तुझ्या दारात येतो. अक्काला पलीकडं मारायचंय तर मला अलीकडं कशाला आणलंस?"

"यापारी, भांडताय कुणासंगं? हितं तर कुणी न्हाय की," मागून आवाज आला.

बैलगाडीवर एक म्हातारा होता. बोलण्यात कानडी हेल. गाडीत गूळ शिजवायची मोठी लोखंडी काहील, आणि तिच्यात जाळायला उसाची वाळलेली चिपाडं. पुरात आमच्याकडे माणसं काहिलीत बसून नदी ओलांडतात. पण हंगामाच्या तोंडावर आपली काहील कोण देतो? मी सवयीने पंचा पुढे केला आणि त्याखाली हात घातला. बाजारात आमचा सौदा असाच होतो. पंच्याखाली बोटं दाबून भाव सांगायचा, तोंडाने नाही. म्हाताऱ्याने माझा हात धरला. मी थांबलो. त्याने एकही बोट दाबलं नाही. रडणाऱ्या पोराचा धरावा तसा नुसता धरून ठेवला.

"अहो, किती?" मी चिडून विचारलं.

"काय बी न्हाय. पोती उचला आदी. लई बोलून काहील हलकी हुनार न्हाय."

फळीने पाणी मारत त्याने मला पलीकडे नेलं. तिथे काहील पाण्यातून काढून दगडांवर ठेवली, खाली चिपाडं पेटवली. पाणी लुगड्यातून गाळून खळखळ उकळलं, घागरी भरल्या. मग त्यातच ज्वारीच्या घुगऱ्या शिजल्या. निवलेलं पाणी पिऊन अक्काने डोळे उघडले आणि म्हणाली, "आलास व्हय? कुणाशी भांडून?"

म्हाताऱ्याला त्याच काहिलीतून परत काठावर, त्याच्या गाडीपाशी सोडलं तर तो म्हणाला, "काहील माघारी न्या, वाडीवरच ऱ्हाऊ द्या. तुमास्नी लागंल." गाव सांगितलं नाही. पुढे मी गुऱ्हाळं पालथी घातली, त्याला कुणी ओळखलं नाही. तो कोण, याचा मी हट्ट धरत नाही. सरकारी पाणी येईपर्यंत वाडी त्या काहिलीवर जगली.

आयुष्यभर मी हात पुढे केला तो समोरच्याला जोखायला. देवापुढेही दर सोमवारी सौदाच घेऊन जायचो. आता पायरीवर गप्प बसतो. काय द्यायचं ते त्याला कळतं, आणि कधी द्यायचं तेही. एवढं मान्य केल्यावर छातीवरचं ओझं उतरलं.

अक्का वाचली. शेजारची गंगव्वा आम्ही पोचायच्या आदल्या दिवशी गेली. ती रोज काठावर बसून लाँचची वाट बघायची. ठेकेदाराला शिक्षा कर, असं मी सिद्धेश्वराला सांगत नाही. त्याचं तो बघेल. मी ठेकेदारालाच सांगतो: वाडीवर ये, गंगव्वाच्या लेकासमोर उभा राहा, आणि तिच्या वाटचं पाणी कुणाला विकलंस ते त्याला सांग.