नावं ठेवणारी आत्या

आमच्या घराण्यात एकाही माणसाचं नाव धड नाही आणि याला सर्वस्वी माझी आत्या जबाबदार आहे. नावं ठेवणारी माणसं प्रत्येक घरात असतात, पण आमच्याकडे हे काम रीतसर एकाच बाईकडे सोपवलेलं आहे. बारशाला पाळण्यात वाकून बाळाच्या कानात नाव सांगायचं ते आत्यानं, ही पद्धत सगळीकडेच असते. फरक इतकाच, की इतर घरांत आत्याच्या तोंडून निघणारं नाव आईबापांनी आधी ठरवलेलं असतं. आमच्याकडे 'कुर्र' होईपर्यंत ते आईबापांनाही ठाऊक नसतं. बाळ जन्मलं त्या दिवशी जे घडलं त्यावरून नाव, असा तिचा कायदा. मी जन्मलो तेव्हा वडील दवाखान्याच्या बाकावर गाढ झोपले होते, म्हणून मी निवांत. आज महाल भागात माझं औषधांचं दुकान आहे आणि तिथे उभं राहून गिऱ्हाईक रोज म्हणतं, "निवांतभाऊ, जरा लवकर." धाकट्या भावाच्या वेळी तीन आठवडे अडलेलं गॅसचं सिलिंडर नेमकं त्याच सकाळी दारात आलं, म्हणून तो अग्निमित्र. काकांच्या मुलीचं नाव अकल्पिता आहे आणि त्यामागची हकिगत काकू कोणाला सांगू देत नाहीत.

आत्या नंदनवन वस्तीत दोन खोल्यांत एकटी राहते. तिचे यजमान लग्नानंतर सहाच वर्षांनी गेले, मूलबाळ नाही. घराण्यात रोज काही बाळं जन्मत नाहीत, त्यामुळे मधल्या काळात तिने घरातल्या वस्तूंची बारशी उरकून घेतली. खिडकीतला कूलर म्हणजे भाऊसाहेब, कारण आवाज फार आणि काम कमी. फ्रिजला ती सासूबाई म्हणते. "सगळं आत दाबून ठेवते आन् दिवसभर कुरकुर करते," हे तिचं कारण. एकदा उन्हाळ्यात मी दारात पोचलो तर आतून तिचा आवाज ऐकू आला, "आता बसा जरा, सकाळपासून लय बोलून राह्यले तुमी." कोणी पाहुणे असतील म्हणून मी दहा मिनिटं बाहेर उन्हात उभा राहिलो. शेवटी आत गेलो, तर ती भाऊसाहेबांना पाणी पाजत होती. "एकटी कायले राहतेस वं आत्या, आमच्याकडं ये ना," असं म्हटलं की ती खोलीभर हात फिरवून सांगते, "एकटी कुठं हाय गा मी?" हा किस्सा मी दुकानात कित्येक महिने रंगवून सांगितला, लोक पोट धरून हसले. आता मी तो सांगत नाही.

अग्निमित्र कॅनडात असतो. मागच्या वर्षी त्याच्याकडे बाळाची चाहूल लागली आणि आत्याच्या अंगात बळ आलं. आम्हा दोघा भावांना सख्खी बहीण नाही, म्हणजे बाळाला सख्खी आत्याच नाही, म्हणून पुढच्या पिढीचा मानही तिने स्वतःकडेच ठेवून घेतला होता. सातव्या महिन्यापासून ती आठवड्यातून दोनदा दुकानात फोन करून विचारायची, "पोट्ट्यानं तारीख काय सांगतली?" मुलगा झाला. मी तिला कळवलं. तीनचार दिवसांनी अग्नीने तिला स्वतःहून फोन केला, आणि त्या दिवसापासून आत्याची बोलतीच बंद झाली. माझा फोन ती उचलेना. उचललाच तर "बरी हाय" म्हणून ठेवून देई. अग्नी म्हणाला, "मी फक्त नाव सांगितलं रे, तेवढ्यात फोन कटला."

रविवारी सकाळी पोह्यांचा पुडा घेऊन मी नंदनवनात गेलो. बराच वेळ इकडचं तिकडचं झाल्यावर ती म्हणाली, "अग्नी मले म्हनते, काहून."

"काय काहून?"

"मी इचारलं, पोराचं नाव काय ठेवलं गा. त म्हनते, काहून. म्या पुन्हा इचारलं, त पुन्हा तेच. मी त्याची आत्या, मी त्याच्या पोराचं नाव इचारलं त हा मले काहून म्हनते. म्या ठेवून देल्ला फोन."

माझी ट्यूब पेटली आणि मी खो खो हसत सुटलो. पोराचं नाव कियान ठेवलं होतं आणि फोनवर तिला ते 'काहून', म्हणजे 'का म्हणून', असं ऐकू आलं होतं. तिला मी ते नीट सुटं सुटं करून सांगितलं, हल्ली अशीच नावं असतात हेही सांगितलं. ती हसली नाही. दोनदा ते नाव तिने पुटपुटून पाहिलं, बरं हाय म्हणाली, पुड्याचा दोरा सोडवला आणि मग माझ्याकडे न बघता विचारलं, "मंग मले इचारलं काहून नाई?"

तिकडे दवाखान्यातून निघायच्या आधी कागदावर नाव लिहावं लागतं, असं काहीतरी मी बोललो. "अर्ध्या मिनटात सांगतलं असतं म्या," ती म्हणाली. मी विचारलं, कोणतं? ते कानातच सांगतात, म्हणाली. मग मी दुसऱ्या बाजूने विचारलं, की बाळ जन्मलं त्या दिवशी तुझ्याकडे घडलं काय होतं?

"काई नाई घडलं. दिवसभर वाटे, कोनीतरी पायऱ्या चढून राह्यलं. चारदा दार उघडून पाह्यलं. कोनी नोतं."

मी तिथूनच अग्नीला व्हिडिओ कॉल लावला आणि त्याला सगळं सांगितलं. पोरगा मनाने चांगला आहे, लगेच म्हणाला, "आत्या, तू आत्ताच सांग. मी फोन त्याच्या कानाशी धरतो." बाळ टाहो फोडत होतं. आत्याने कूलर बंद केला, चूळ भरली, डोक्यावर पदर घेतला आणि माझा फोन दोन्ही हातांत धरून डोळे मिटले. ती 'कुर्र' म्हणाली आणि रडणं थांबलं. मी शेजारून पाहिलं तर पडद्यावर बाळ नव्हतं, कॉल तुटला होता. तिचे डोळे मिटलेलेच होते. फोनला ओठ लावून ती तीनदा म्हणाली, "चाहूल. चाहूल. चाहूल."

पुन्हा लावायला मी हात पुढे केला. तेवढ्यात तिने डोळे उघडले. तिला इतकं खूश मी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं.

"ऐकलं गा त्यानं," ती म्हणाली. "कसा चूप झाला, पाह्य."

मी हो म्हणालो आणि फोनचा आवाज बंद करून तो खिशात टाकला. ते नाव तिच्याखेरीज फक्त मी ऐकलं आहे, आणि मी काही कोणाची आत्या नाही.