वाटणीत गेलेला लहान्या

तुमच्या नावामागे जे आडनाव आहे, ते तुमच्या घरात कुणी आणलं, हे तुम्ही कधी विचारलंय?

मी विचारलं नव्हतं. माणिकपूरच्या एका हॉलमध्ये एका म्हाताऱ्या गृहस्थाने ते मला न विचारता सांगितलं.

एका बागायतदार घराण्याचं कुलसंमेलन होतं. त्यांचं आडनाव आणि आमचं आडनाव एकच. दाराशी टेबल, टेबलावर फॉर्म. नाव, गाव, शाखा, कुलदैवत. टेबलामागच्या मुलीने माझं आडनाव ऐकलं, हसली, आणि माझ्या कुर्त्याला पिवळा बिल्ला लावला. बिल्ल्यावर ते आडनाव ठळक छापलेलं. शाखेचा रकाना मी कोरा सोडला.

फॉर्म तपासायला हे गृहस्थ बसलेले. घराण्याचा कुलवृत्तांत छापायचं काम त्यांच्याकडे, म्हणून सगळे त्यांना संपादककाका म्हणत होते. चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, "शाखा राहिली तुमची. थोरल्या घरच्या की धाकट्या घरच्या?"

मी गाव सांगितलं.

"गावात कुठे? वाडीत?"

"पाड्यावर."

त्यांनी माझ्या चपलांकडे पाहिलं. मग मागे वळून हाक मारली. "अरे बाळ्या, इकडे ये! आपल्या गड्याच्या घरची पोरगी आलीय, शाखा शोधत!"

हा बाळ्या पन्नाशीचा. येता येताच म्हणाला, "शाखा? आंब्याची की चिकूची?"

हशा पिकला. टेबलामागची मुलगीही हसली. मघाशी हसली होती तशीच.

"हसू नका रे," काका म्हणाले. रागावून नाही, समजूतदारपणे. "बाई, पूर्वी गड्यांना मालकाचं आडनाव लागायचं. म्हणून ते तुमच्याकडे आलं. तुमची त्यात चूक नाही." आणि हात पुढे केला. "बिल्ला द्या. मोजकेच छापलेत, घरच्यांपुरते."

मी बिल्ला काढला. त्यांच्या तळहातावर ठेवला. मी. माझ्या हाताने. त्यांच्या बोलण्यापेक्षा मला याची लाज जास्त वाटते. आजही.

"जेवून मात्र जा हं," ते म्हणाले. "मागच्या बाजूला वाढायला सांगतो."

मी जेवले नाही. बाहेर रिक्षा स्टँडवर उभी राहिले. रिक्षा येत होत्या, भरून जात होत्या. मला बसायचं सुचत नव्हतं. कुर्त्यावर पिनेची दोन भोकं पडली होती, त्यांवर मी सारखी बोट फिरवत होते.

मी तिथे नातं सांगायला गेले नव्हते. कागद शोधायला गेले होते.

माझ्या धाकट्या बहिणीला नर्सिंगला प्रवेश मिळालाय. आदिवासींच्या राखीव जागेवर. आम्ही वारली. ती जागा टिकवायची तर जातीच्या दाखल्याची पडताळणी करून घ्यावी लागते, आणि त्यासाठी वंशावळ लिहून द्यावी लागते. बाप, आजा, पणजा. प्रत्येकाच्या नावाला जुना कागद जोडायचा. बाचा दाखला आहे. आज्याची शाळेतली नोंद आहे, पण तिच्यात जातीचा रकाना कोरा आणि आडनाव बागायतदारांचं. पडताळणीचे साहेब नीट बोलले. "ताई, हे आडनाव वारल्यांमध्ये येत नाही. याच्या मागची एखादी नोंद आणा. जात लिहिलेली." मुदतीची तारीखही त्यांनी दिली.

पाड्यावर जाऊन मी फुईला विचारलं. फुई म्हणजे बाची थोरली बहीण. सत्तरी ओलांडली तरी तिची आठवण पक्की.

"शालेत मास्तरनं इचारला, कोनाचा रं तू? माज्या बापाने मालकाचा नाव सांगला. पाड्यावर सगली पोरा तसाच सांगत. मास्तरनं तोच लिवला."

"आणि आपलं कूळ?"

"ता मास्तरला कोन सांगनार? त्याला ऐकायचा तरी व्हता का?"

आमच्या घराला कागद नाहीत, पण नावं आहेत. मयताच्या दिवसाला आमच्या घरात मेलेल्यांची नावं घेऊन एकेकाला पाणी ठेवतात. फुईने बोटांवर मोजत नावं घेतली. "रुप्या. रुप्याचा मंगल्या. मंगल्याची बायको लाडी. त्यांचा लहान्या. लहान्याचा सोम्या, तो तुझा आजा." मग थांबली. "लहान्याचा पानी वायला ठेवायचा."

वायला, म्हणजे वेगळा. सगळ्यांच्या द्रोणांची एक ओळ आणि लहान्याचा द्रोण ओळीबाहेर, लांब. हे मीही लहानपणापासून पाहिलेलं.

"का गं, फुई?"

"तसाच चालत आलाय. त्याचा वायला."

लाडी, मंगळ्या, लहान्या. म्हणजे एकोणिसावं शतक. तेव्हाचा आमच्या माणसांचा कागद असलाच तर तो मालकाच्या घरी असणार. त्यांच्या संमेलनाचं आमंत्रण फोनवर फिरत फिरत माझ्यापर्यंत आलं होतं. त्यात लिहिलेलं, घराण्याची शंभर वर्षांहून जुनी मोडी कागदपत्रं सापडली आहेत, जाणकारांकडून वाचून घेतली आहेत. म्हणून मी गेले.

संमेलनानंतर चार दिवसांनी संपादककाकांचाच फोन आला. फॉर्मवर माझा नंबर होता. "तुम्ही त्या पत्रकं लिहिणाऱ्या का? मग या एकदा. तुमच्या उपयोगाचं काहीतरी आहे माझ्याकडे."

पत्रकं मी लिहिते. खरं तर पत्रकांवरच वाचायला शिकले. बा आदिवासींच्या संघटनेची पत्रकं आणायचा आणि घराच्या कुडाला चिकटवायचा, भेगा बुजवायला. 'जमीन' हा शब्द मी भिंतीवर वाचला, पुस्तकात नंतर भेटला. पोटापाण्याला वालीवच्या एका कारखान्यात बाटल्यांची झाकणं पॅक करते. तिथून अर्ध्या दिवसाची सुट्टी घेतली आणि निघाले. निघताना धाकटी म्हणाली, "ताई, भांडू नकोस हं. कागद घे आणि ये."

केळीची वाडी, मधोमध घर, ओटीवर दोन खुर्च्या. काकांनी मला खुर्ची दिली. बहिणीच्या पडताळणीसाठी कुणाच्या नावाचा कागद हवा, ते मी सांगितलं. चहा आला. त्यांना कपबशी, मला कागदी पेला. मी पाहिलं, आणि पेला उचलला. भांडणार नाही, असा धाकटीला शब्द दिला होता.

"मोबाईल इथे टेबलावर ठेवा," म्हणत त्यांनी एक फाईल उघडली. डावीकडे मोडीतला पिवळा कागद, उजवीकडे त्याचं टाईप केलेलं वाचन. दोन भावांचं वाटणीपत्र होतं. जमिनी, झाडं, भांडी. मग त्या दोन ओळी आल्या.

थोरल्याकडे विहीर, रहाट, बैलांची जोडी, मंगळ्या वारली व त्याची बायको लाडी.

धाकट्याकडे केळीची वाडी, दुभती गाय, मंगळ्याचा मुलगा लहान्या.

मी ते पुन्हा वाचलं. बहिणीला हवा असलेला शब्द तिथे होता. वारली. स्पष्ट. पण माझे डोळे पुढच्या ओळीवर अडकले. गाईनंतर स्वल्पविराम. स्वल्पविरामानंतर लहान्या.

भाऊ वेगळे झाले तेव्हा त्यांनी आमचं घर वाटून घेतलं. आईबाप एकाच्या वाट्याला, पोर दुसऱ्याच्या.

द्रोण ओळीबाहेर का असतो, ते मला त्या ओटीवर कळलं. कुणीतरी पहिल्यांदा तो तसा ठेवला असेल. लाडीनेच ठेवायला सांगितला असेल का? माहीत नाही. मी पाणी मागितलं. आलं, पण ते मला पिववेना.

काका बोलत होते. "हा कागद कुलवृत्तांतात जाणार नाही. हल्ली लोक चुकीचा अर्थ काढतात."

"बरोबर अर्थ काय काढायचा, काका?"

"काळच तसा होता, बाई. आणि आमच्या पणजोबांनी त्या लहान्याला पोटच्या पोरासारखं वाढवलं. आमच्याकडे सगळे सांगतात. त्याचीच मुलं पुढे शाळेत गेली ना?" ते पुढे झुकले. "तर असं करू. या पानाची प्रत मी सहीनिशी तुम्हाला देतो. पडताळणीला चालेल. तुम्ही फक्त मला दोन पानं लिहून द्या. 'ऋणानुबंध' नावाचं प्रकरण करतोय. मालकांनी आम्हाला घरच्यासारखं सांभाळलं, आडनाव दिलं, असं. तुमच्यासारखीने लिहिलं की वजन येतं. मुखपृष्ठावर तुमचं वारली चित्रही घेऊ की."

कोरे कागद त्यांनी आधीच काढून ठेवले होते. वर पेन.

मी पेन उचललं. हे लपवणार नाही. डोळ्यांसमोर धाकटी होती, तिचा इस्त्री केलेला पांढरा गणवेश होता. दोन पानं. कोण वाचतंय? मी लिहिलं, 'आमच्या लहान्या आजोबांना मालकांनी पोटच्या'

पुढचा शब्द उतरेना.

"काका," मी म्हणाले, "लहान्या पोटचाच होता. लाडीच्या पोटचा."

"तुम्ही लोक फार भावनेने घेता."

"मी हे लिहिणार नाही."

"प्रत नकोय?"

"हवीय. खोटं लिहून नकोय."

ते खुर्चीत मागे रेलले. "बहिणीचा विचार करा. तत्त्वांनी प्रवेश मिळत नाही."

मी लिहिलेली ओळ खोडली. मग मोडी कागदाच्या डोक्यावर पाहिलं. तिथे नोंदणीचा क्रमांक होता. वाचणाऱ्याने इमानाने तोही टाईप केला होता. मी त्यांच्याच पेनने तो माझ्या तळहातावर लिहिला. याच हाताने मी बिल्ला दिला होता. मग त्या दोन ओळी मोठ्याने वाचल्या. पुन्हा वाचल्या. पाठ होईपर्यंत.

"हळू," काका म्हणाले. "आत पाहुणे आहेत."

मी आणखी एकदा वाचल्या.

निघताना त्यांनी सुकेळ्यांचा पुडा पुढे केला. वाळवलेली केळी, त्यांच्याच वाडीतली. "धाकटीला द्या." मी पुडा टेबलावर ठेवला आणि मोबाईल उचलला.

आचोळ्याच्या आमच्या खोलीत धाकटी वाट पाहत होती. माझे रिकामे हात तिने आधी पाहिले. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "दोन पानं लिहायची होतीस ना. नंतर पत्रक काढून खोटं पाडलं असतंस. तुझं तत्त्व, आणि सीट माझी."

तिचं चूक नव्हतं. ती भांडी घासायला बसली. मग पाठमोरीच तिने विचारलं, "लहान्या केवढा होता तेव्हा?"

"कागदात नाही."

"गाईचं लिहिलंय, दुभती म्हणून. आणि त्याचं वयही नाही?"

"नाही."

ती परत घासायला लागली. दुसऱ्या दिवशी नोंदणी कार्यालयात जाताना तीच माझ्या पुढे चालत होती.

तळहातावरच्या क्रमांकावरून आम्ही नकलेसाठी अर्ज केलाय. पडताळणीच्या साहेबांनाही लेखी दिलंय, की मूळ कागद अमुक घरी आहे, तो मागवा. अजून नक्कल आलेली नाही. मुदत संपत आलीय. ती आधी संपेल की नक्कल आधी येईल, मला माहीत नाही. मी रोज दुपारच्या सुट्टीत फोन करते. "शोध चालू आहे," असं उत्तर येतं.

वंशावळीच्या फॉर्ममध्ये बायांना जागा नाही. मी मंगळ्याच्या शेजारी लाडीचं नाव लिहिलं, रेघेबाहेर. खिडकीवरचा कारकून म्हणाला, "हे लागत नाही." मी म्हणाले, "राहू द्या." राहिलंय.

पाड्यावर जाऊन फुईला त्या दोन ओळी पाठ म्हणून दाखवल्या. तिने शेवटपर्यंत ऐकलं. "म्हंजे एकाच गावात व्हती," ती म्हणाली. "हाकंवर." आणि मग, "आता त्याचा पानी लाडीजवल ठेवायचा. मी सांगते सगल्यांना."

ते आडनाव मी या लेखात कुठेही लिहिलेलं नाही, लेखाखालीही लिहिणार नाही. सरकारी कागदावरून ते काढायला वेळ लागेल. काढणार. आणि नक्कल आली नाही, मुदत गेली, तरी ते 'पोटच्या पोरासारखं' वाक्य माझ्या हातून कधी पुरं होणार नाही. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करू. त्याच्या पुढच्या वर्षीही.

आता तुमचं काम. तुमच्या घरी माळ्यावर, कपाटावर, देवघराखालच्या पेटीत जुन्या मोडी कागदांचं बासन असेल. त्याची गाठ सोडा. वाचता येत नसेल तर वाचणारा गाठा. तुमच्या पणजोबांच्या जमिनी बघून थांबू नका. बैलांच्या आणि गाईंच्या शेजारी माणसांची नावं येतात, मागे आडनाव नसलेली, तिथपर्यंत जा. त्या पानाची प्रत काढा. त्या माणसांची नातवंडं-पतवंडं तुमच्याच गावाच्या कडेला राहतात. पाड्यावर चालत जा आणि ती प्रत त्यांच्या हातात द्या.

बदल्यात काही लिहून मागू नका.