दाजी, सॅम्पल माझ्याच दुकानातलं घ्या

गेल्या महिन्यात एका दुपारी जेवून मी जरा आडवा झालो होतो. शालनचा, म्हणजे माझ्या बायकोचा, फोन वाजला. "व्हय... व्हय..." एवढंच ती म्हणाली आणि फोन ठेवून माझ्याकडं न बघता म्हणाली, "दादा गेला." मी उठून बसलो आणि पहिला प्रश्न काय विचारला, तर "कागदावर काय लिहिलंय डॉक्टरांनी?" एकतीस वर्षं अन्न खात्यात अधिकारी म्हणून काढलेल्या माणसाला दुःखसुद्धा आधी कागदावर लागतं, असं शालन नंतर म्हणाली. ते काही खोटं नाही. दिनकररावांना सकाळी दुकानातच छातीत कळ आली आणि रिक्षा दवाखान्याच्या दारात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. अडुसष्ट वर्षांचे होते. आदल्याच रविवारी आमच्याकडं जेवायला आले होते आणि रस्सा अळणी झालाय म्हणून बहिणीला चार शब्द सुनावून गेले होते.

दिनकरराव म्हणजे शालनचे थोरले भाऊ, मूळ कोडोलीचे. तरुणपणी कोल्हापुरातल्या तालमीत राहून कुस्त्या केल्या, गुडघा दुखावल्यावर माती सुटली आणि उचगावात दुकान टाकलं. सुरुवातीला बदाम, खारीक, थंडाईचा मसाला असा पैलवानांचा खुराक. पुढं गल्लोगल्ली जिम झाल्या आणि फळ्यांवर प्रोटीनचे, वजन वाढवायचे, ताकदीचे डबे येऊन बसले. माणूस मात्र तालमीतलाच राहिला. त्यांच्या तालमीत थंडाई घोटून झाली की पहिला पेला वस्ताद प्यायचे आणि मग पोरांना मिळायची. आपण दिलेल्या खुराकाची जबाबदारी आपल्या अंगावर, असा त्याचा अर्थ. दिनकररावांनी तीच रीत दुकानात आणली. नवीन डबा आला की महिनाभर स्वतः खायचा, काही त्रास झाला नाही तरच फळीवर ठेवायचा. एकदा एका पावडरीनं त्यांना तीन दिवस जुलाब झाले, तर सगळा माल त्यांनी एजंटाच्या गाडीत स्वतः नेऊन टाकला आणि वर त्याला चहा पाजून पाठवलं.

आमची जुंपायची ती यावरूनच. रविवारी मटणाच्या ताटावर बसलो की मी म्हणायचो, या डब्यांवर सरकारचा लगाम आणखी कडक पाहिजे. ते हाडूक बाजूला ठेवून सरसावून बसायचे. "दाजी, तुमचं सरकार डबा इकून झाल्यावर सॅम्पल नेतंय. मी इकायच्या आधी म्हैनाभर खातोय. मग खरा साहेब कोन, तुमी का मी?" यातलं पहिलं वाक्य खरं होतं, हीच माझी पंचाईत. या पावडरी कायद्यानं अन्नात मोडतात, औषधात नाही. परवाना कागद बघून मिळतो, प्रत्येक डबा बाजारात येण्याआधी कुणी तपासत नाही. आम्ही दुकानातून नमुने उचलायचे आणि प्रयोगशाळेच्या अहवालाची वाट बघत बसायचं. मी म्हणायचो, "म्हणून तर कायदा कडक करा म्हणतोय." ते म्हणायचे, "कडक केला की मोठ्या कंपन्या वकील लावत्यात आनि मरतंय कोन? घरात नाचणीचं सत्त्व करून इकनारी तुमची बायकू." शालन ते सत्त्व खरंच करायची, अर्ध्या गल्लीतल्या बाळंतिणींना द्यायची आणि तिच्याकडं कसलीही नोंदणी नव्हती. अन्न सुरक्षा अधिकाऱ्याच्या स्वयंपाकघरात... मी मान खाली घालून भाकरी मोडायचो.

सात-आठ वर्षांपूर्वी त्यांच्या दुकानात 'शंभर टक्के वनस्पतीजन्य' असं लिहिलेली एक ताकदीची पावडर आली. रीतीप्रमाणं त्यांनी महिनाभर खाल्ली. दहाव्या दिवशी त्यांचा जुना गुडघा दुखायचा थांबला. पंधराव्या दिवशी भूक अशी खवळली की वहिनी भाकऱ्या थापून दमल्या. महिना संपला तेव्हा हा माणूस पन्हाळ्याचा चढ न थांबता चढून आला आणि खाली उतरून मला फोन केला. "दाजी, आयुष्यात असली चीज बघितली न्हवती. अंगात पंचवीस वर्सांचा पैलवान आलाय." ती पावडर त्यांनी मग मनापासून विकली. एखाद-दोन डबे तर नुसते प्रेमानं दिले. त्यातला एक आमच्या सुजितला. तो तेव्हा सव्वीस वर्षांचा, एमआयडीसीत कामाला, काडीसारखा. त्याच्यासाठी मुली बघणं चाललेलं आणि शालनचा भावाकडं एकच धोशा, "दादा, पोराच्या अंगाला कायतरी लागंल असं दे की."

लागलं. दोन महिन्यांत पोराचे गाल भरले, चेहरा गोल झाला. शालननं जुना फोटो टाकून नवा काढून घेतला आणि येईल त्याला दाखवत सुटली. मीही खूश होतो, ते लपवत नाही. ज्यानं उभ्या जन्मात हजार लेबलं वाचली, त्यानं स्वतःच्या घरातल्या डब्याचं लेबल वाचलं नाही. मग एक दिवस सुजित कामावर चक्कर येऊन पडला. रक्तदाब वाढलेला, साखर वाढलेली. डॉक्टरांनी त्याच्या गोल चेहऱ्याकडं बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "काय खातोस?" डबा बघून ते म्हणाले, यात बहुतेक स्टेरॉइड आहे. चेहरा भरलाय तो सूज आहे. आणि हे एकदम बंद करायचं नाही, माझ्या देखरेखीखाली हळूहळू कमी करायचं.

मी दवाखान्यातून थेट उचगावला गेलो. दिनकररावांनी ऐकून घेतलं आणि स्टुलावर बसले. त्यांना सगळ्यात जास्त काय लागलं असेल तर हे, की त्यांच्या रीतीनंच त्यांना फसवलं होतं. त्या पावडरीनं त्यांना त्रास दिला असता तर ती फळीवर आलीच नसती. तिच्यात औषध होतं म्हणूनच गुडघा दुखायचा थांबला, म्हणूनच ती त्यांना सगळ्यांत चांगली वाटली. गुडघ्यावर हात ठेवून ते म्हणाले, "दाजी, जीभ खोटं बोलत न्हाय म्हनत हुतो. गुडघा खोटं बोलला की."

पुढं जे झालं ते मी आजवर शालनशिवाय कुणाला सांगितलेलं नाही. दुकानात अठरा डबे उरले होते. मी कायदा जाणणारा माणूस. सॅम्पल घेतलं तर बनवणाऱ्याबरोबर विकणाऱ्यावरही कारवाई येणार, परवाना जाणार, पंचक्रोशीत नाव खराब होणार, आणि अधिकाऱ्याचा मेहुणा म्हणून माझंही, हे सगळं एका क्षणात माझ्या डोळ्यांसमोरून गेलं. मी आवाज खाली आणून म्हणालो, "डबे फेकून द्या. गिऱ्हाइकांना सांगा, माल संपला. विषय मिटवा." त्यांनी माझ्याकडं बघितलं. रागानं नाही, मला राग परवडला असता. म्हणाले, "आनि ज्यांनी नेलाय त्यांचं काय? त्येंचा चेहरा सुजल्यावर त्येंनी आरशात बघून खूश व्हायचं?" मग म्हणाले, "दाजी, सॅम्पल माझ्याच दुकानातलं घ्या. नाव माझं घाला."

नातेवाइकाच्या दुकानातलं सॅम्पल मला घेता येत नाही, असं मी नियमावर बोट ठेवून सांगितलं. नियम खरा होता. मी त्याच्या आड उभा राहिलो होतो, हेही खरं. दुसऱ्या दिवशी सकाळी धुतलेला सदरा घालून दिनकरराव आमच्या ऑफिसात आले, माझ्या टेबलाला वळसा घालून माझ्या सहकाऱ्यासमोर बसले आणि स्वतःविरुद्धची तक्रार स्वतःच्या अक्षरात लिहून दिली. तिथून निघाले ते आठ दिवस मोटारसायकलवर फिरले. कागल, कोडोली, जिथं जिथं डबा गेला होता तिथं तिथं. प्रत्येकाला घेऊन डॉक्टरांकडं गेले, कारण एकदम बंद करायचं नाही हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. एका बापानं त्यांना अंगणातच वाटेल तसं बोलून घेतलं. दिनकररावांनी ते ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बोला, पर आधी पोराला गाडीवर बसवा."

अहवालात स्टेरॉइड निघालं. डब्यावरच्या पत्त्यावर दुसऱ्या जिल्ह्यात एक कुलूप लावलेला गाळा सापडला, बनवणारा कधीच सापडला नाही. सापडले ते फक्त दिनकरराव. चार महिने परवाना निलंबित राहिला. सुजित वर्षभरात बरा झाला, आता दोन पोरांचा बाप आहे आणि पुन्हा काडीसारखाच आहे. दिनकररावांची त्या पावडरीनं वाढलेली साखर मात्र पूर्ण गेली नाही. छातीतल्या कळेचा त्याच्याशी संबंध नाही असं डॉक्टर म्हणतात, आणि मी त्यावर विश्वास ठेवायचं ठरवलंय.

त्यानंतर रविवारची भांडणं उलटी झाली. ते कायद्याच्या बाजूनं बोलायचे, विकायच्या आधी तपासणी पाहिजे म्हणून वर अर्ज पाठवायचे, आणि मी आपला खात्यात माणसं किती कमी, प्रयोगशाळा किती लांब हे सांगत बसायचो. शालनच्या सत्त्वाची नोंदणीही त्यांनीच करून घेतली. पिशवीवर ती 'हाडं मजबूत होतात' असं लिहायची, तेही खोडायला लावलं. "शिद्ध करून दाव, मग लिव्ह," म्हणाले. आठवडाभर बोलत नव्हती ती भावाशी. आता त्या पिशव्या भरताना मधेच थांबते आणि डोळ्यांना पदर लावते.

परवा आम्ही दोघं उचगावला गेलो. दुकान आता त्यांची मुलगी रोहिणी बघते. आम्ही बोलत होतो तेवढ्यात कागलकडचे एक वयस्कर गृहस्थ आले, गुडघ्यासाठी कुठली पावडर चांगली म्हणून विचारू लागले. रोहिणीनं फळीकडं हातच नेला नाही. "पावणं, आधी त्यो कागद वाचा," म्हणाली. काउंटरच्या वर, जिथं दुसऱ्याच्या दुकानात देवाचा फोटो असतो, तिथं दिनकररावांनी परवाना निलंबनाचा तो आदेश काचेत बसवून लावलाय, आणि शेजारी त्यांच्या तक्रारीची नक्कल. दुकानात येणाऱ्या प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला ते आधी तिथं उभं करायचे. पाहुण्यांनी चष्मा लावून ओळन् ओळ वाचली. नावापाशी थांबले.

"ह्ये दिनकर कोन?"

"माझं वडील."

"आनि तक्रार कुनी केलती?"

"त्येंनीच," रोहिणी म्हणाली.

पाहुण्यांनी चष्मा काढला आणि परत लावून पहिल्यापासून वाचायला घेतलं. मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. डबे फेकून द्या म्हणणारा साहेब तो मीच, हे पुढं होऊन सांगायला हवं होतं. तिथं धीर झाला नाही. म्हणून इथं लिहितोय.